पापणी : किती काढायची, किती ठेवायची?

हैदराबादच्या तारनाका चौकातून हब्सीगुड्याकडे चालत निघालं की दवाखान्यांच्या पाट्या बदललेल्या दिसतात. हाडं, दात आणि मधुमेह यांच्या जोडीला आता ‘स्किन, हेअर अँड कॉस्मेटिक’ आलं आहे. उस्मानिया विद्यापीठ, राष्ट्रीय पोषण संस्था, रासायनिक तंत्रज्ञान संस्था, रेल्वे अशा ठिकाणी नोकरी करून निवृत्त झालेली अनेक माणसं या भागात राहतात, त्यात आपली मराठी घरंही आहेत. साठीच्या आसपासच्या या मंडळींना एक प्रश्न वरचेवर ऐकावा लागतो, “काय, रात्री झोप झाली नाही का?” झोप छान झालेली असते, पापण्या तेवढ्या उतरलेल्या असतात.

पापणीची सौंदर्यशस्त्रक्रिया, म्हणजे ब्लेफरोप्लास्टी, ही आता फक्त सिनेमावाल्यांची गोष्ट राहिलेली नाही. सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या ‘आयसॅप्स’ या जागतिक संघटनेच्या २०२४ सालच्या पाहणीत या शस्त्रक्रियेने लायपोसक्शनलाही मागे टाकून पहिला क्रमांक गाठला. वर्षभरात जगात २१ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. कोरिया-जपानकडे तरुण मुलंमुली पापणीला घडी पाडून घेतात. आपल्याकडे घडी जन्मजात असते, वयाबरोबर ती लोंबत्या कातडीखाली झाकली जाते. त्यामुळे आपला रुग्ण बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो आणि त्याची तक्रार दिसण्याइतकीच पाहण्याचीही असते. वाचताना पापणी आड येते, दिवसभर भुवया वर ताणून ताणून संध्याकाळी कपाळ दुखतं.

डॉक्टरकडे गेल्यावर खर्च किती हे विचारण्याआधी नेमकं काय उतरलं आहे, ते विचारावं. उत्तरं तीन असू शकतात. वरच्या पापणीची कातडी सैल पडून पापणीच्या केसांवर टेकलेली असते. किंवा कातडी ठीक असते, पण पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड सुटून पापणीची कडाच बाहुलीवर येते. याला टोसिस म्हणतात आणि त्याची शस्त्रक्रिया निराळी. नुसती कातडी कापून टोसिस बरा होत नाही. तिसऱ्या प्रकारात पापणी जागच्या जागी असते, भुवईच खाली घसरलेली असते. हे घरी आरशासमोरही अजमावता येतं. कपाळ सैल सोडा, भुवई बोटाने अलगद तिच्या मूळ जागी उचला. पापणीवरचं ओझं नाहीसं झालं, तर दोष भुवईचा. अशा वेळी पापणीची कातडी काढली तर भुवई आणखी खाली ओढली जाते, आणि माणूस पैसे मोजून रागीट दिसू लागतो. हे तीन प्रकार समजावून न सांगता पहिल्याच भेटीत तारीख देणारा डॉक्टर मी तरी टाळेन.

गंमत म्हणजे, किती कापायचं यापेक्षा किती ठेवायचं हा हिशेब फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचण्याच्या विकारावर, म्हणजे पक्ष्मकोपावर, शस्त्रकर्म सांगितलं आहे. भुवईखालचे दोन भाग सोडायचे, पापणीच्या केसांलगतचा एक भाग सोडायचा आणि मधून नाकाच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत समांतर असा जवाच्या दाण्याच्या आकाराचा कातडीचा तुकडा काढायचा. मग केसाने टाके घालून मध-तूप लावायचं. उद्देश सौंदर्याचा नव्हता, पण आजचा सर्जन वरच्या पापणीवर जी आकृती आखतो ती जवळपास हीच. आजचा नियमही सोडायच्या भागाचाच आहे. भुवई आणि पापणीचे केस यांच्यामध्ये निदान २० मिलिमीटर कातडी उरली पाहिजे. त्याहून कमी उरली तर डोळा नीट मिटत नाही, आणि न मिटणारा डोळा कोरडा पडून दुखू लागतो. काढायला राहिलेली कातडी पुढे काढता येते. जास्त काढलेली परत बसवायची तर दुसरीकडून कातडी आणून लावावी लागते, आणि ते काम किचकट.

म्हणून शस्त्रक्रियेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग सुरी हातात येण्याआधीच होतो. रुग्णाला सरळ बसवतात, कारण आडवं झालं की भुवई आणि कातडी दोन्ही सरकतात. शाईच्या बारीक पेनाने पापणीची नैसर्गिक घडी आखतात. बायकांमध्ये ती केसांपासून साधारण ८ ते १० मिलिमीटरवर असते, पुरुषांमध्ये थोडी खाली. मग बोथट चिमट्याने वरची सैल कातडी घडीत धरून पाहतात. पापणीचे केस जेमतेम वर वळू लागले की थांबायचं. डोळा उघडा पडू लागला तर चिमट्यात जास्त आलं. कॅलिपरने दोन्ही डोळ्यांची मापं पुन्हा पडताळतात. बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल, पण निकाल इथेच ठरतो.

त्यानंतर तेवढ्याच भागाला भूल देतात, गरज वाटली तर गुंगीचं औषधही. भुलीच्या इंजेक्शनातच रक्तस्राव कमी करणारं ॲड्रेनलिन असतं. भुलीच्या बाबतीत हैदराबादचं नाव जगाला पूर्वीपासून माहीत आहे. क्लोरोफॉर्ममुळे रुग्ण दगावतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, हे शोधायला सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये इथे दोन आयोग बसले होते. लॉरी श्वासाच्या बाजूने हटून बसले आणि पुढे चूक ठरले. आज पापणीसाठी क्लोरोफॉर्म लागत नाही, वरच्या दोन्ही पापण्यांचं काम तासाभरात उरकतं आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो.

खालच्या पापणीचं गणित वेगळं आहे. तिथल्या पिशव्या म्हणजे डोळ्याभोवतीची चरबी. तिला आवरून धरणारा पडदा सैल पडला की उसवलेल्या गादीतल्या कापसासारखी ती पुढे येते. ती पापणीच्या आतल्या बाजूने काढता येते, मग बाहेर व्रण दिसत नाही. कातडीही सैल असेल तर केसांच्या अगदी खालून छेद घेतात. हल्ली बरेच सर्जन सगळी चरबी काढून टाकण्याऐवजी ती खालच्या खळगीत पसरवतात, नाही तर डोळे खोल गेलेले दिसतात. खालच्या पापणीत जास्तीची कातडी काढली गेली तर पापणी बाहेर उलटते. एक गैरसमज मात्र आपल्याकडे पक्का बसलेला आहे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं या शस्त्रक्रियेने जात नाहीत. भारतीय कातडीत ती बहुधा रंगद्रव्याची असतात, आणि रंगद्रव्य कात्रीने निघत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या हसण्याच्या सुरकुत्याही राहतात. राहू द्याव्यात.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस आरशापासून लांब राहिलेलं बरं. सूज दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. डोकं उंच ठेवून झोपायचं, स्वच्छ कपड्यात गुंडाळलेल्या बर्फाचा थंड शेक घ्यायचा. मलमामुळे धूसर दिसतं, त्याने घाबरू नये. टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. काळंनिळं दहा-पंधरा दिवसांत ओसरतं. तोवर वाकून जड उचलणं, काजळ, कॉन्टॅक्ट लेन्स, आणि आजीच्या काळातलं एरंडेल किंवा गुलाबपाणी, सगळं बंद. मेच्या उन्हात, घाम आणि धूळ अंगावर घेत उप्पल रस्त्याने दुचाकीवरून फिरायचं असेल, तर शस्त्रक्रिया हिवाळ्यात ढकला. व्रणाची लाली जायला काही महिने लागतात, म्हणून घरात लग्न असेल तर निदान दोन महिने आधी उरकून घ्या. वरच्या पापणीचा फरक बहुतेकांना पाच-दहा वर्षं पुरतो. कातडीचं वय वाढायचं काही थांबत नाही.

धोक्यांविषयी डॉक्टर स्वतःहून बोलत नसतील तर तुम्ही बोला. डोळे कोरडे पडतात का, थायरॉईड आहे का, मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा लॅसिक झालं आहे का, हे सगळं सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी लपवू नका, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका. फिश ऑइल आणि व्हिटॅमिन ई यांना लोक औषधांत धरत नाहीत, पण त्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. सगळ्यात भीतिदायक गुंतागुंत म्हणजे डोळ्यामागे रक्त साठणं. साधारण दोन हजारांमागे एखाद्याला ती होते, आणि त्यातून कायमची नजर जाणं त्याहूनही कितीतरी दुर्मीळ. ती बहुधा पहिल्या २४ तासांत होते. तीव्र वेदना, झपाट्याने वाढणारी सूज, डोळा पुढे येणं, नजर अंधूक होणं ही तिची लक्षणं. म्हणून सही करण्याआधी एक साधा प्रश्न विचारा, “रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार?”

शस्त्रक्रिया कुणाकडून करून घ्यायची? प्लास्टिक सर्जरीत एम.सी.एच. केलेला सर्जन, किंवा ऑक्युलोप्लास्टीचं, म्हणजे डोळ्याभोवतीच्या प्लास्टिक सर्जरीचं, खास शिक्षण घेतलेला नेत्रशल्यविशारद. हैदराबाद याबाबतीत सुदैवी आहे. डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था बंजारा हिल्सला आहे, तिथे पापण्यांचा स्वतंत्र विभाग आहे. मेहदीपट्टणमला सरोजिनी देवी हे सरकारी नेत्ररुग्णालय आहे. तारनाक्याहून मेट्रो पकडली तर दुसरं मत घेऊन त्याच दिवशी परत येता येतं. घराजवळच्या पाटीवर समाधान मानायची गरज नाही.

पैशांचं म्हणाल, तर केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, शिवाय तिच्यावर जीएसटीही लागतो. नजरेला अडथळा असेल तर गोष्ट वेगळी असू शकते. त्यासाठी पापणी जशी आहे तशी ठेवून आणि चिकटपट्टीने वर उचलून, अशी दोनदा दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्यावी, फोटो आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं आणि शस्त्रक्रियेआधीच विमा कंपनीकडून लेखी होकार घ्यावा. नंतर भांडून सहसा काही हाती लागत नाही.

वयाने हळूहळू उतरणाऱ्या पापणीला घाई नसते. पण एका डोळ्याची पापणी एकाएकी उतरली, सोबत एकाची दोन दिसू लागली, डोकं असह्य दुखलं किंवा दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर तो मेंदूच्या रक्तवाहिनीचा किंवा मज्जातंतूचा विकार असू शकतो. सकाळी बरी आणि संध्याकाळी मिटू लागणारी पापणी मायस्थेनिया या स्नायू थकवणाऱ्या विकाराची असू शकते, ती मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. एकाएकी उतरलेली पापणी घेऊन मात्र कॉस्मेटिक क्लिनिकची पायरी चढू नका, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.