संगणकाशेजारी बसणारा माणूस

नांदेड-लातूरकडचा मुलगा शिकून अमेरिकेत किंवा जर्मनीत स्थिरावला की गावच्या शाळेसाठी काहीतरी करावे, असे त्याच्या मनात येतेच. पहिला विचार संगणकांचा असतो. चार-पाच संगणक येतात, नारळ फुटतो, भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. त्यामागची तळमळ खरी असते. पण दोन-तीन वर्षांनी त्याच शाळेत डोकावले तर अनेकदा संगणक कक्षाला कुलूप असते. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, यूपीएसची बॅटरी फुगलेली असते आणि ज्या गुरुजींना हे सारे जमत होते, त्यांची बदली झालेली असते.

सरकारी योजनेतही हेच घडले. केंद्राच्या आयसीटी योजनेतून राज्यातल्या हजारो शाळांना ‘बूट’ तत्त्वावर संगणक कक्ष मिळाले. खासगी कंपनीने यंत्रे बसवायची, निदेशक नेमायचा आणि पाच वर्षांनी सारे शाळेच्या हवाली करायचे, असा करार होता. मुदत संपली, यंत्रे शाळेत राहिली आणि निदेशक घरी बसले. शिकवणारा माणूस गेल्यावर त्या खोलीत उरते काय?

परदेशातून आलेल्या उत्साहाचा एक मोठा प्रयोग आपल्या राज्याने पाहिला आहे. निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ मोहिमेने २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत, मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले. ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून गाजलेले ते यंत्र प्रत्यक्षात १८० डॉलरच्या पुढे गेले होते. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तर २००६ मध्येच ही कल्पना नाकारली होती. पेरू देशाने मात्र लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या तीनशेहून अधिक शाळांचा इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने अभ्यास केला. मुलांचा संगणकाचा वापर भरपूर वाढला होता, पण गणित आणि भाषेतली प्रगती जागची हलली नव्हती, असा निष्कर्ष २०१२ मध्ये पुढे आला.

याच्या अगदी उलट टोकाचे काम फलटणला झाले, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाअभ्यासक फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या. गावासाठी त्या मॅक्सीनमावशी होत्या. भारतीय नागरिकत्व घेऊन त्यांनी आयुष्यभर वंचित वस्त्यांतल्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवण्याचे काम केले आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. याच संस्थेच्या कमला निंबकर बालभवनात पुढे शिक्षणसंशोधक सुगत मित्रांच्या ‘स्कूल इन द क्लाउड’चे, म्हणजे मुलांनी इंटरनेटच्या मदतीने मिळून शिकण्याचे, एक केंद्र सुरू झाले. मित्रांना २०१३ मध्ये दहा लाख डॉलरचे टेड पारितोषिक मिळाले होते, त्यातून ही केंद्रे उभी राहिली. त्याला जोड होती २००९ पासून चाललेल्या ‘ग्रॅनी क्लाउड’ची. ब्रिटनमधली आणि इतर देशांतली माणसे, त्यांत बऱ्याच निवृत्त शिक्षिका, ठरल्या वेळी स्काइपवर येत. गोष्ट वाचायची, कागदाची घडी घालून काही करून दाखवायचे, मुलांना विचारायचे आणि त्यांच्या उत्तराचे मनापासून कौतुक करायचे, एवढेच त्यांचे काम. विमानाचे तिकीट नाही की सत्कार नाही. आणि पडद्याच्या अलीकडे, मुलांजवळ, केंद्र सांभाळणारे गावातले माणूस असे. ते नसते तर पलीकडच्या आजी बोलल्या असत्या कोणाशी?

नांदेड-लातूरला हेच करता येईल, आणि तेही मराठीत. वेळही जुळते. जिल्हा परिषदेची शनिवारची शाळा सकाळी भरते. इथे आठ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत शुक्रवारची रात्र असते, उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात रेंज मिळत नाही, तिथे ‘कोलिब्री’सारखी इंटरनेटशिवाय चालणारी मोफत प्रणाली एका साध्या संगणकावर बसवता येते. मुखेड-कंधारकडची किती तरी मुले दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात. शाळेतला संगणक त्यांच्यामागे फडावर जात नाही, पण ओळखीचा आवाज फोनवरून जाऊ शकतो. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पडदा घरात पोहोचला आहे. त्यावर काय करायचे हे दाखवणारे कोणी नाही, ही अडचण आहे.

कायद्याची बाजूही ठाऊक हवी. परदेशी नागरिकाला संस्थेत एका महिन्याहून अधिक काळ काम करायचे असेल, तर ते विनावेतन असले तरी पर्यटक व्हिसा चालत नाही. परकी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसाने दिलेले पैसे ही कायद्याने परकी देणगी ठरते. ती घेणाऱ्या संस्थेकडे परकी देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खाते लागते. भारतीय पासपोर्ट असणाऱ्याच्या स्वतःच्या कमाईला मात्र ही अट नाही.

म्हणून गावाबाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. डिसेंबरच्या सुट्टीत याल तेव्हा खोकी आणण्याआधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीबरोबर एक दिवस बसा. गावात एमएस-सीआयटी झालेली एखादी मुलगी असेलच, तिला वर्षभर मानधन द्या आणि बॅटरी बदलण्याचे पैसे बाजूला काढून ठेवा. मग आठवड्यातला एक तास ठरवा, मुले तीच ठेवा आणि तो तास चुकवू नका.