मैदानाबाहेरचे अर्थकारण – भाग ५ : नाव खेळाडूचे, कमाईही खेळाडूची

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांचा पैसा विद्यापीठांपर्यंत कसा पोहोचतो, हे आपण मागच्या भागात पाहिले. त्या पैशातून स्टेडियम उभी राहिली, प्रशिक्षकांचे पगार वाढत गेले. ज्याला पाहायला लोक तिकीट काढत, त्या खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळवायला अनेक दशके मनाई होती. ती कशी उठली आणि आज हे विद्यार्थी स्वतःच्या नावावर कमाई कशी करतात, ते आज पाहू.

मनाई किती कडक होती, याचे एक उदाहरण पुरे. डोनाल्ड दे ला हे हा सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा किकर. यूट्यूबवर तो आपल्या खेळाचे आणि रोजच्या जगण्याचे व्हिडिओ टाकायचा, त्यावर जाहिरातींचे थोडे पैसे मिळायचे. स्वतःची खेळाडू म्हणून ओळख दाखवणाऱ्या व्हिडिओंतून कमाई करायची नाही, अशी अट त्याला घातली गेली. त्याने ती नाकारली आणि २०१७ मध्ये त्याचे कॉलेजमधले खेळणे थांबले. संगीत शिकणाऱ्या त्याच्या वर्गमित्राने पैसे घेऊन कार्यक्रम केला असता, तर कोणी हरकत घेतली नसती.

या अन्यायाला न्यायालयात मोठे आव्हान दिले एड ओबॅनन याने. १९९५ मध्ये यूसीएलएला बास्केटबॉलचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या या खेळाडूला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच डावखुरा, ३१ क्रमांकाचा खेळाडू दिसला. गेम बाजारात विकला जात होता, त्याला मात्र छदामही मिळाला नव्हता. २००९ मध्ये त्याने महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएएविरुद्ध दावा लावला. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ही बंदी स्पर्धाविरोधी ठरवली. वरच्या न्यायालयाने त्या निकालाला मर्यादा घातल्या, पण वाट मोकळी झाली होती. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंच्या बाजूने कायदा केला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात शिक्षणाशी निगडित लाभांवरची बंधने ९ विरुद्ध ० मतांनी फेटाळली. मग एनसीएएलाही माघार घ्यावी लागली आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव, छबी आणि ओळख वापरून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली.

त्याच दिवशी फ्रेझ्नो स्टेट विद्यापीठाच्या हॅली आणि हॅना कॅव्हिंडर या जुळ्या बास्केटबॉलपटूंनी एका मोबाइल कंपनीशी करार केला. समाजमाध्यमांवर मोठा चाहतावर्ग असणाऱ्यांसाठी हा सर्वांत सरळ मार्ग ठरला. दुसरा मार्ग गावातल्या धंद्याचा. नेब्रास्काच्या डिकोल्डेस्ट क्रॉफर्डला २०२२ मध्ये त्याच्या नावाला साजेशी, एअर कंडिशनर बसवणाऱ्या स्थानिक कंपनीची जाहिरात मिळाली. स्वाक्षऱ्या, लहान मुलांची प्रशिक्षण शिबिरे, स्वतःच्या नावाचे टी-शर्ट यांतूनही पैसे येतात. श्रीमंत माजी विद्यार्थी आणि चाहते निधी जमवून खेळाडूंशी करार करू लागले, तो आणखी एक मार्ग.

सर्वांत मोठा बदल जून २०२५ चा. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीला विल्केन यांनीच मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई आणि २०२५-२६ या वर्षात प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंमध्ये थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटण्याची मुभा, असे तिचे स्वरूप आहे. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठे बाहेरचे करार आता तपासणीसाठी नोंदवावे लागतात.

मला या बदलातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती मुलींच्या वाट्याला आलेली संधी. अशी कमाई करणाऱ्या लुईझियाना स्टेटच्या ऑलिव्हिया डनचा खेळ जिम्नॅस्टिक्स. त्यात कॉलेजनंतर मोठी व्यावसायिक लीग नाही. आयोवाची केटलिन क्लार्क २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या निवडीत पहिली आली, तरी तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलरच होता. नायकी आणि गेटोरेडशी तिचे करार मात्र कॉलेजात असतानाच झाले होते. अनेक मुलींसाठी कमाईची खरी वर्षे कॉलेजचीच असतात, आणि जुना नियम नेमकी तीच वर्षे हिरावून घेत होता.

पण हक्क मिळाला म्हणजे तो सांभाळता येतोच असे नाही. फ्लोरिडाच्या जर्व्हॉन डेक्स्टरने २०२२ मध्ये एका कंपनीकडून ४ लाख ३६ हजार ४८५ डॉलर घेतले. बदल्यात पुढच्या व्यावसायिक कमाईतला १५ टक्के वाटा २५ वर्षे द्यायचे कबूल केले आणि पुढच्याच वर्षी त्याला न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. म्हणून सही करण्यापूर्वी रकमेइतकेच मुदतीकडे पाहावे. नाव कशासाठी आणि किती काळ वापरले जाणार, कॉलेज संपल्यावर करार संपतो का, हे वकिलाकडून समजून घ्यावे. शिवाय ही कमाई स्वतंत्र व्यवसायाची धरली जाते. बहुतेकदा कर आधी कापला जात नाही, तो खेळाडूने बाजूला ठेवायचा असतो.

आपल्याकडच्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणारी महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली होती. त्या वाटेने आजही मुले-मुली टेनिस शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जातात. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर मात्र काम करण्यावर कडक बंधने असतात आणि जाहिरात करणे हेही काम धरले जाऊ शकते. २०२२ मध्ये केंटकीचा काँगोहून आलेला बास्केटबॉलपटू ऑस्कर चीब्वे याने आपले करारांचे काम संघाच्या बहामा दौऱ्यात, अमेरिकेबाहेर उरकले, ते याच कारणाने. सोबतच्या अमेरिकन खेळाडूने सही केली म्हणून आपल्या मुलानेही करावी, असा हिशेब येथे चालत नाही. आधी विद्यापीठाचे परदेशी विद्यार्थी कार्यालय, मग व्हिसाचा वकील, आणि शेवटी सही, हाच क्रम ठेवावा. हजार डॉलरच्या जाहिरातीपायी शिक्षण आणि खेळ दोन्ही गमावण्याची जोखीम कोणत्याही मुलाने घेऊ नये.

पुढच्या भागात : विद्यापीठांनी वाटायच्या त्या २ कोटी ५ लाख डॉलरमधून फुटबॉलला किती, पोहणे आणि टेनिसला किती? महिलांच्या समान संधीचा कायदा या वाटणीला लागू होतो का?