मोटरहोम सुरू होईना? आधी कान द्या

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. युरोपात अशा जुन्या डिझेल गाड्या बऱ्याचदा हिवाळाभर उभ्या असतात. उन्हाळ्यात सामान भरून, मुलाबाळांना बसवून चावी फिरवावी, तर इंजिन गप्प! अशा वेळी घाईने महागडा स्टार्टर किंवा पंप बदलू नका. घोडे कुठे अडले आहे, हे बहुधा आवाजच सांगतो.

नुसते 'टक्' होते? मग आधी बॅटरी पाहा. आतले दिवे लख्ख पेटले म्हणून फसू नका. मोटरहोममध्ये सहसा दोन बॅटऱ्या असतात. एक घरातल्या दिव्या-पंख्यांची, दुसरी इंजिनची. इंजिनच्या बॅटरीला मीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली, 12 च्या खाली असेल तर उतरलेली. भरलेली असूनही 'टक्'च होत असेल, तर टर्मिनल व अर्थची तार साफ करून घट्ट बसवा. त्यानंतरच स्टार्टरवर संशय घ्या.

इंजिन जोरात फिरते, पण पेट घेत नाही? टाकीत डिझेल आहे ना? मग ग्लो प्लग आणि डिझेल बंद करणारा सॉलेनॉइड तपासा. जुनी रबरी नळी तडकली की डिझेलमध्ये हवा शिरते. नळी बदलून हवा काढावी लागते. ग्लो प्लगच्या इंजिनात ईथरचा फवारा मात्र कधीच मारू नका, भडका उडून इंजिन फुटू शकते.

सेल्फ एका वेळी 10 सेकंदांहून जास्त मारू नका, मग मिनिटभर थांबा. आणि ही तपासणी निघायच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी करा. म्हणजे बिघाड निघालाच, तर तो आडवाटेवर नव्हे, घराच्या दारात निघेल.