शुगर आहे, बीपी आहे. मग लस घ्यायची की नाही?

"डाक्टर सायेब, मले शुगर हाये. सुई बाधणार तं नाई ना?" आमच्या ओपीडीत हा प्रश्न वर्षभर कानावर येतो. विचारणारा बदलतो, शुगरच्या जागी कधी बीपी येते, कधी दमा, कधी हृदयाचे ऑपरेशन, कधी किडनी. प्रश्नामागचा समज मात्र एकच असतो. लस ही धडधाकट माणसासाठी असते, आपण आधीच आजारी, आपल्या अंगाला ती झेपायची नाही.

वैद्यकशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. जुनाट आजार असलेल्या माणसाला लशीची गरज इतरांपेक्षा जास्त असते आणि बहुतेक लशी त्याच्यासाठी तितक्याच सुरक्षित असतात. तरीही हीच मंडळी मागे राहतात, म्हणून हा विषय आज जरा सविस्तर मांडतो आहे.

संसर्ग कुणाला महागात पडतो?

रक्तात साखर सतत वाढलेली असेल, तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. जंतूपर्यंत पोहोचणे, त्याला गिळणे आणि मारणे ही तिन्ही कामे त्या नीट करू शकत नाहीत. दुसरीकडे ताप किंवा न्यूमोनिया झाला की शरीरात ताण वाढवणारी संप्रेरके स्रवतात आणि साखर आणखी चढते. हे चक्र एकदा सुरू झाले की साधा वाटणारा ताप रुग्णाला अतिदक्षता विभागापर्यंत नेतो.

हृदयाचेही तसेच आहे. कॅनडातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सुमारे सहापट होता. संसर्गामुळे रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयाला जास्त काम करावे लागते. आधीच अरुंद झालेली रक्तवाहिनी अशा वेळी बंद पडू शकते.

आपल्याकडे असे रुग्ण थोडे नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडिआब' अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी साधारण ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब. हा शहरांपुरता आजार राहिलेला नाही. आमच्या एनसीडी क्लिनिकसमोर गोळ्यांसाठी उभी राहणारी रांग खेड्यापाड्यांतूनच आलेली असते.

धनुर्वाताची सुई चालते, मग ही का नाही?

एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. शेतात विळा लागला, पत्रा कापला की हाच मधुमेही माणूस धावत येऊन धनुर्वाताचे इंजेक्शन मागतो. कुत्रा चावला तर रेबीजचे सगळे डोस तारखा लक्षात ठेवून पूर्ण करतो. तेव्हा 'मला शुगर आहे, बाधेल का' असे कुणी विचारत नाही. म्हणजे भीती सुईची नाही. जखम डोळ्यांना दिसते, कुत्रा दिसतो, त्यामुळे धोकाही दिसतो. न्यूमोनियाचा किंवा काविळीचा धोका दिसत नाही. मग तोलताना लशीने येणारा एक दिवसाचा ताप जड वाटतो आणि न दिसणारा आजार हलका.

त्यात हातावर पोट असलेल्यांचा आणखी एक हिशेब असतो. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत अंग दुखले, ताप आला तर मजुरी बुडते. हा हिशेब खोटा नाही. अशा रुग्णाला अडाणी म्हणून हिणवण्यात अर्थ नसतो. 'मावशी, बाजाराच्या आदल्या दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी तसेही काम बंद असते,' एवढे सुचवले की काम होते.

२०२१ मध्ये काय दिसले?

कोविड लसीकरणात या सगळ्याचा कस लागला. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्या सर्वांना आणि ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली. सरकारने २० आजारांची यादी दिली होती आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणायचे होते. नेमक्या त्याच सुमारास, फेब्रुवारीपासून, बुलढाण्यासह अमरावती विभागात रुग्ण झपाट्याने वाढत होते.

आजार असलेल्यांना आधी लस, या निर्णयामागचे कारण वैद्यकीय होते. पण अनेकांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. 'आजारी माणसाचे वेगळे प्रमाणपत्र मागतात, म्हणजे आजारी माणसाला धोका असणार', असे कितीतरी जण बोलून दाखवत. गोळ्या बंद करून लस घ्यायची की लस घेऊन गोळ्या बंद करायच्या, असेही विचारले जाई. उत्तर सरळ होते आणि आजही तेच आहे : गोळ्या, इन्सुलिन, काहीही बंद करायचे नाही.

पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने 'मिशन कवच कुंडल' राबवले, नोव्हेंबरपासून 'हर घर दस्तक' मोहीम आली. आशाताई आणि आरोग्यसेविका दारापर्यंत गेल्या. माझा अनुभव असा, की अडून बसलेला जुनाट रुग्ण मोहिमेच्या भोंग्याने क्वचितच हलला. जी सिस्टर दर महिन्याला त्याचा बीपी मोजते, जे डॉक्टर त्याच्या गोळ्या लिहितात, त्यांनी नाव घेऊन 'काका, तुम्ही घ्यायलाच पाहिजे' म्हटले तेव्हा तो हलला. जगभरातील अभ्यासही हेच सांगतात, की लस घेण्याच्या निर्णयावर सर्वाधिक प्रभाव ओळखीच्या डॉक्टरांच्या स्पष्ट सल्ल्याचा असतो.

'लशीनेच अटॅक येतात' हे कितपत खरे?

ही शंका अजून गेलेली नाही. त्यामुळे उत्तर पुराव्यानिशी द्यायला हवे. १८ ते ४५ वयोगटातील अचानक झालेल्या मृत्यूंचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभरातील ४७ रुग्णालयांतून केला. कोविड लशीमुळे असा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा : कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घरात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत अति मद्यपान आणि अंगाला न झेपणारे श्रम.

याचा अर्थ लशीला दुष्परिणाम नसतातच असा नाही. कोविशील्डसारख्या लशीनंतर फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या आणि प्लेटलेट कमी होण्याचा विकार आढळला आहे. तो बहुतांशी डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या डोसची धास्ती आज बाळगण्याचे कारण नाही. रुग्णापासून हे लपवले तर व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला ते दहापट फुगवून कळते.

फ्लूची लस : आपल्याच राज्यातील धडा

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, हे अनेकांना आठवत असेल. २०१५ मध्ये साथ पुन्हा वाढली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने गर्भवती महिलांसोबत मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठीही ही लस सरकारी रुग्णालयांत मोफत देण्याचा निर्णय घेतला. मधुमेह-बीपीच्या रुग्णाचा लशीसाठी वेगळा विचार करणारा हा महत्त्वाचा निर्णय होता. पण आपण या गटात मोडतो, हेच पुष्कळ रुग्णांना ठाऊक नसते. खाजगीत ही लस घ्यायची तर एका दिवसाच्या मजुरीच्या कितीतरी पट पैसे लागतात, म्हणून आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात साठ्याची चौकशी करावी.

हृदयरुग्णांसाठी या लशीचे महत्त्व २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. बांगलादेशासह आठ देशांतील अडीच हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते, बहुतेक जण नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले. वर्षभरात लस न मिळालेल्या गटात ४.९ टक्के, तर लस मिळालेल्या गटात २.९ टक्के मृत्यू झाले. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, त्यामुळे ही लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून पेरणीच्या धांदलीआधी, मे-जूनमध्ये घेतलेली बरी.

किडनीचे रुग्ण आणि हिपॅटायटिस 'बी'

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या खारपाणपट्ट्यातील तालुक्यांत किडनीचे रुग्ण हा वर्षानुवर्षांचा चिंतेचा विषय आहे. डायलिसिसमध्ये रक्त वारंवार शरीराबाहेर काढून मशीनमधून फिरवले जाते. त्यामुळे रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस 'बी' काविळीचा धोका असतो. ही लस बालकांच्या नियमित लसीकरणात देशभर २०११ मध्ये आली. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही.

'आठवड्यातून दोनदा सुया टोचून घेतो, आता आणखी कशाला?' असे डायलिसिसचा रुग्ण वैतागून म्हणतो. त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. पण किडनी जसजशी निकामी होते, तसतशी शरीराची लशीला प्रतिसाद देण्याची ताकदही घटते. म्हणून डायलिसिसवरील रुग्णाला दुप्पट मात्रा आणि सामान्यतः चार डोस द्यावे लागतात : पहिला, मग एक, दोन आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली का, हे पाहायचे असते. यातून निघणारा सल्ला सोपा आहे. क्रिएटिनिन वाढू लागले आहे असे कळले, की डायलिसिसची वाट न बघता तेव्हाच ही लस सुरू करावी.

काय लक्षात ठेवावे?

• न्यूमोनियाची (न्यूमोकोकल) लस मधुमेह, दमा-सीओपीडी, हृदय, यकृत व किडनीचे आजार असलेल्यांनी घ्यावी. ती दरवर्षी लागत नाही. किती डोस घ्यायचे, हे लशीच्या प्रकारावर ठरते. सिकलसेलच्या रुग्णांची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे त्यांना ती अत्यावश्यक आहे.

• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. बारीक सुई वापरून, न चोळता, दोन-तीन मिनिटे दाबून धरले की पुरते. गोळी मनाने बंद करू नका.

• लशीनंतर एक-दोन दिवस साखर थोडी वर-खाली होऊ शकते. जेवण आणि औषधे वेळेवर घ्या. ताप आला तर पॅरासिटामॉल चालते. यकृताचा आजार असेल तर मात्रा विचारून घ्या.

• कर्करोगाची केमोथेरपी, जास्त मात्रेतील स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर बीसीजी, कांजण्या, गोवर-रुबेला यांसारख्या जिवंत जंतूंच्या लशी घेऊ नयेत. फ्लूचे इंजेक्शन, न्यूमोनिया, हिपॅटायटिस 'बी' यांच्या लशी जिवंत जंतूंच्या नसतात. त्या चालतात, फक्त वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

• अंगात जास्त ताप असेल, साखर फारच चढलेली असेल किंवा दम लागत असेल, तर काही दिवस थांबा. लशीच्या आधीच्या डोसने तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर तसे सांगा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. आपण दर महिन्याला शुगर लिहितो, बीपी लिहितो. त्याच केस पेपरवर 'लस' म्हणून एक ओळ वाढवली, कोणती दिली, कोणती बाकी, तर मोहीम येईपर्यंत थांबावे लागणार नाही. आणि वाचकांना एवढेच सांगेन : पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाल तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारा, 'माझ्या आजारात कोणती लस बाकी आहे?' घरात आई-वडिलांच्या गोळ्या आणायला तुम्ही जात असाल, तर त्यांच्या वतीने तुम्ही विचारा.