सोळा सेंटिमीटरची टॅक्सी



दिवाळीच्या सुट्टीत किल्ला केला नाही असा मराठी माणूस शोधावाच लागेल. दगड-विटा रचायच्या, चिखलात भिजवलेलं पोतं त्यावर अंथरायचं, अळीव पेरायचे आणि शेवटी माथ्यावर सिंहासनावर महाराज बसवायचे. या किल्ल्यात एक गंमत असते. महाराज बुरुजाएवढे उंच असतात, मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही आणि पायथ्याशी पाणी भरणारी बाई मावळ्याच्या दुप्पट असते. लहानपणी हे मुळीच खटकत नाही. ज्या दिवशी खटकायला लागतं, त्या दिवशी माणूस माझ्या छंदाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

हा छंद म्हणजे मोटारींच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती जुळवणं. खेळण्यांच्या दुकानातली तयार गाडी वेगळी. इथे पेटी उघडली तर आत गाडी नसतेच. असतात प्लास्टिकच्या चौकटी आणि फांदीला कैऱ्या लगडाव्यात तसे त्यांना चिकटलेले लहान-मोठे सुटे भाग. बॉनेट, आरसे, स्टिअरिंग, सायलेन्सर, नखाएवढे वायपर. सोबत जुळणीचं पत्रक, चार रबरी टायर आणि पाण्यात भिजवून लावायच्या चिन्हांचा कागद. बाकीचं सगळं आपण करायचं.

यातलं मोठं नाव म्हणजे जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी. १९४६ साली ती सुरू झाली लाकडाच्या धंद्यात. लाकडी प्रतिकृती करता करता ती प्लास्टिककडे वळली आणि १९६० साली तिची पहिली प्लास्टिकची प्रतिकृती आली, यामातो या युद्धनौकेची. ही कंपनी नावारूपाला आणणारे शुनसाकु तामिया २०२५ मध्ये वारले. त्यांची एक गोष्ट या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. १९७० च्या दशकात त्यांना पोर्शे मोटारीची प्रतिकृती करायची होती. फोटो आणि नकाशे बघून समाधान होईना, म्हणून त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मोजमापासाठी ती खोलून सुटी केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता प्रमाणाविषयी. मोटारींच्या पेट्यांवर बहुधा एकास चोवीस असं लिहिलेलं असतं. हा आकडा फूट-इंचांच्या हिशेबातून आला. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचा अर्धा इंच. नवी मुंबईत राहणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटू नये. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आपले नोड, आपले सेक्टर आधी कागदावर प्रमाणात उतरले, मग जमिनीवर आले. आम्ही त्याच्या उलट करतो, रस्त्यावरची वस्तू टेबलावर आणतो.

लांबी-रुंदी चोवीस पट लहान करणं सोपं आहे. जाडीच्या बाबतीत मात्र माणूस फसतो. मोटारीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो. त्याची चोवीसपट लहान आवृत्ती कागदाहूनही पातळ झाली पाहिजे. पण पेटीतलं प्लास्टिकच एक मिलिमीटर जाड असतं! म्हणजे खऱ्या गाडीला जवळजवळ एक इंच जाडीचा पत्रा लावल्यासारखं झालं. म्हणून खिडक्यांच्या आणि मडगार्डच्या कडा आतल्या बाजूने कानशीने घासून पातळ कराव्या लागतात. रंगाचंही तेच. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर बसला, तर खऱ्या गाडीवर तो अडीच मिलिमीटरचा लेप ठरेल. दारांच्या फटी त्यात बुजून जातात. पातळ रंगाचे तीन-चार हात फवाऱ्याने द्यायचे आणि मधे वॉटर पेपरने हलकं घासायचं, ही शिस्त यासाठीच.

चिकटवण्याचंही एक शास्त्र आहे. या प्लास्टिकला पॉलिस्टायरीन म्हणतात. त्याचा खास गोंद हा खरं तर गोंद नसतोच. तो प्लास्टिक विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की जोड एकजीव होतो. त्यामुळे भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रशच्या टोकाने एक थेंब फटीला लावायचा. तो आपोआप फटीतून पळत जातो. थेंब जास्त झाला आणि त्यावर आपलं बोट पडलं, तर बोटाचा ठसा गाडीवर कायमचा उमटतो. काचेच्या जागी जे पारदर्शक भाग असतात, त्यांना झटपट चिकटणारा सुपरग्लू कधीही लावू नये. त्याची वाफ काचेवर बसून पांढरं धुकं धरतं. तिथे आपला नेहमीचा फेव्हिकॉल उत्तम, वाळल्यावर पारदर्शक होतो.

खाडीकाठी राहणाऱ्याला आणखी एक शत्रू असतो, दमट हवा. माझ्या नेरुळच्या घरी एका जुलैत मी एक लाल गाडी रंगवली. पाच मिनिटांत तिच्यावर दुधाळ पांढरी झाक आली. मी रंगाच्या डबीला दोष दिला. दोष माझाच होता. थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो. हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते आणि ओल्या रंगात अडकते. तेव्हापासून पावसाळ्यात मी भाग कापणं, घासणं, जुळवणं एवढंच करतो आणि रंगाची कामं दसऱ्यानंतर कोरड्या दिवसांत. शिवाय रंग फवारताना खिडकी उघडी हवी आणि रासायनिक वाफा अडवणारा मास्क तोंडावर हवा. साधा रुमाल थिनरची वाफ थांबवत नाही. घरात लहान मूल असेल तर हे काम वेगळ्या खोलीतच करावं.

या पद्धतीने मी बऱ्याच गाड्या केल्या. जपानी, जर्मन, इटालियन. त्यांतल्या बहुतेक मी रस्त्यावर कधी पाहिल्याही नव्हत्या. पण त्यांच्या ब्रेकला कोणत्या रंगाचं आवरण असतं, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. मग २०२२ साली माझ्या भाचीने विचारलं, "मामा, आपली काळी-पिवळी टॅक्सी नाही केलीस?"

प्रीमियर पद्मिनीची पेटी मला कुठल्याच दुकानात मिळाली नव्हती. म्हटलं, आठवणीतून चित्र काढू आणि स्वतःच घडवू. कागद घेऊन बसलो आणि हात थांबला. समोरच्या जाळीच्या पट्ट्या आडव्या की उभ्या? मागचे दिवे कुठे संपतात? दाराचा हँडल काचेपासून किती खाली? तीस वर्षं ज्या गाडीत बसलो, आजारी आईला जिच्यातून इस्पितळात नेलं, ती मला धड काढता येईना. पोर्शे मात्र तोंडपाठ.

गाडी तर आपल्याच परिसरातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा पाया घातला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ पासून बनत असलेल्या फियाट ११०० डी या गाडीलाच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती इतकी आपली केली की टॅक्सी म्हणजे पद्मिनी असं समीकरण झालं. पण टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. म्हणजे माझ्या हातात वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं.

तामियांनी पोर्शे विकत घेतली. मला ते शक्य नव्हतं. मी हार्बर लाइनने मुंबई गाठायचो आणि भाड्याची वाट पाहत उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्यांना विनंती करायचो. शिवणकामाची टेप, वही आणि मोबाइलचा कॅमेरा एवढीच हत्यारं. पहिल्या दिवशी एकाला वाटलं, मी विम्याचा माणूस आहे. खुलासा केल्यावर त्यानेच टेपचं दुसरं टोक धरलं. गाडी चार मीटरांच्या थोडी आत भरली. चोवीसने भागलं की साधारण सोळा सेंटिमीटर. मागच्या मडगार्डवर माशाच्या कल्ल्यासारखा उंचवटा, त्यात उभे दिवे. पुढच्या दारात हवेसाठी छोटी तिकोनी काच. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. डिक्कीत सीएनजीची टाकी, म्हणून सामान टपावरच्या कॅरिअरवर. एवढं सगळं रोज डोळ्यांसमोरून जात होतं.

पेटी नसताना गाडी घडवायची तर आधी लाकडात तिचा आकार कोरायचा, प्लास्टिकचा पातळ पत्रा गरम करून त्या साच्यावर दाबायचा आणि दारं-खिडक्या कापून काढायच्या. माझे पहिले तीन सांगाडे फुकट गेले. जाळीसाठी विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या तारा वापरल्या, क्रोमच्या पट्ट्यांसाठी पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद. रंगात आधी पिवळा, मग टेपने टप झाकून काळा. फिका रंग आधी, गडद नंतर, हा नियम. त्या काळ्यातही मी चिमूटभर पांढरा मिसळला. कारण एक फुटावरून ही गाडी पाहणं म्हणजे खरी गाडी चोवीस फुटांवरून पाहणं. तेवढ्या अंतरावर आणि उघड्या उजेडात काळा रंग डबीतल्याइतका काळा दिसत नाही. सगळेच जण हे मानत नाहीत, पण माझ्या डोळ्याला ते पटतं.

गाडी पुरी झाली. आमच्या इमारतीत एक काका राहतात, त्यांनी आयुष्यभर मुंबईत टॅक्सी चालवली. त्यांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावला, गाडी तळहातावर घेतली आणि म्हणाले, "झ्याक केलीय. पण भाऊ, ही चालवलेली नाय."

मी धुळीबद्दल समजलो. चाकांना धूळ लावली होती, असं सांगितलं. ते हसले. "धूळ काय, सगळ्यांवर बसती. माणूस कुठं बसलाय ते दिसायला पायजे." मग त्यांनी बोटाने एकेक जागा दाखवली. ड्रायव्हरच्या खिडकीची खालची कड, तिथे बारा-बारा तास कोपर टेकून काळा रंग उडतो आणि पत्रा चमकतो. मागच्या डाव्या दाराच्या हँडलभोवती नखांचे ओरखडे, कारण गिऱ्हाईक फुटपाथच्या बाजूने चढतं. उजव्या दाराला तितके नसतात. कॅरिअरखालचा पिवळा रंग दोऱ्यांनी घासलेला. पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या बाजूला खळगा.

पुस्तकांत मी वाचलं होतं की जुनेपणा दाखवायला पातळ तपकिरी रंग फटींत सोडावा, रंगीत खडूची पूड ब्रशने लावावी. मी तसंच करत आलो होतो, सगळीकडे सारखं. झीज कोणाच्या तरी हाताने, कोपराने, सामानाने होते आणि ती जिथली तिथेच दाखवायची असते, हे मला काकांनी शिकवलं. घरी येऊन दाढीच्या ब्लेडने ड्रायव्हरच्या खिडकीची कड खरवडली आणि चंदेरी पेन्सिल फिरवली. दहा मिनिटांचं काम. त्याआधीच्या सात महिन्यांच्या कामापेक्षा गाडीत जास्त फरक त्या दहा मिनिटांनी पडला.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सी थांबली. माझ्या वहीत तिची मापं आहेत, पण सगळी नाहीत. मागच्या सीटची उंची घ्यायची राहून गेली. ती आता फोटोवरून अंदाजानेच धरावी लागली.

तुम्हाला हा छंद करून पाहायचा असेल, तर आधी एखादी स्वस्त, थोड्या भागांची पेटी आणा. साइड कटर, बारीक कानस, चिमटा, वॉटर पेपर आणि योग्य गोंद एवढं पुरे. फवाऱ्याचं यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नका. भाग चौकटीतून हाताने तोडू नका, कटरने कापा. पहिली गाडी बिघडणार आहे, बिघडू द्या. आणि पेटी हातात नसेल त्या दिवसांत टेप आणि वही घेऊन आपल्या घराखाली उभी असलेली गाडी मोजा. रिक्षा असेल, एसटी असेल, दूधवाल्याची सायकल असेल.

काकांनी परवा मला माळ्यावरून त्यांचा जुना मीटर काढून दिला, झेंडीचा, लोखंडी. नंतर इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि हे पडून राहिले. मी मापं घेतली, हरभऱ्याच्या डाळीएवढा मीटर केला आणि बॉनेटच्या डाव्या अंगाला बसवला. काकांनी पाहिलं आणि लगेच चूक काढली. झेंडी मी खाली पाडलेली दाखवली होती.

"वर करा," ते म्हणाले. "मीटर टाकलेला दिसला, तर हात कोण करंल?"