संगणकाची कार्यप्रणाली बदलताना

रामाकोना स्थानकावरून जाणारी छोटी लाईन आपल्यातील बहुतेकांस आठवत असेल. नागपूर–छिंदवाडा मार्गावरील त्या रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर होते. २०१५ च्या अखेरीस ती गाडी बंद झाली व पुढे त्या मार्गावर १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज आला. गावे तीच राहिली, उतारूही तेच राहिले; परंतु जुना एकही डबा नव्या रुळांवर चालणे शक्य नव्हते.

असाच प्रसंग आज आपल्या पेढ्यांवरील संगणकांवर आला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली काढलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक त्यामुळे बंद पडत नाही. मात्र तिच्यात पुढे जे दोष उघडकीस येतील, त्यांची दुरुस्ती नेहमीप्रमाणे मिळत नाही. जादा मुदतीची सोय आहे, पण तीही मर्यादित काळाचीच. दाराचे कुलूप कच्चे ठरले आणि ते बदलून देणारा कोणी उरला नाही, अशातली ही गत होय.

कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ही संगणकाची मुख्य दिवाणजी होय. कळफलकावरील अक्षर, छपाईचे यंत्र, साठवलेला हिशेब, या सर्वांचा व्यवहार तिच्यामार्फतच चालतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर तिच्याशी तिच्याच बोलीत बोलते. म्हणून दिवाणजी बदलला की जुने सॉफ्टवेअर चालेलच, असे नसते.

आपल्यापुढे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला विंडोज ११ चा. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व ठरावीक प्रोसेसर लागतो. २०१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे या कसोटीस उतरत नाहीत. दुसरा मार्ग लिनक्सचा. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. तिच्या अनेक आवृत्त्या विनामूल्य मिळतात व त्यांतील हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही चालतात. आपल्या देशात सीडॅक या शासकीय संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स तयार केली असून केरळातील सरकारी शाळांत लिनक्सच वापरले जाते. जीएसटीचे संकेतस्थळ व बँकेचे व्यवहार ब्राउझरमधून होतात. परंतु टॅली हे विंडोजसाठी रचलेले आहे. म्हणून टॅली, बिलाचा प्रिंटर व डिजिटल सहीचे टोकन यांची चौकशी आधी करावी आणि मगच मार्ग निवडावा.

येथे आमचा एक अनुभव सांगणे अवश्य आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एक संगणक नव्याने भरून घेतला. हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर आहे, या भरवशावर जुने सर्व पुसले. पुढे पाहतो तो प्रत अपुरी! तीन महिन्यांची उधारी बिलबुके चाळून पुन्हा लिहावी लागली आणि दोन जुन्या ग्राहकांशी शब्दास शब्द वाढला. रक्कम मोठी नव्हती. परंतु पेढीच्या शब्दास उणेपणा आला, हे शल्य राहिले.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ अन्वये हिशेबाची कागदपत्रे, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. तेव्हा बदलाआधी दोन प्रती काढाव्या. एक दुकानाबाहेर ठेवावी. दुसऱ्या संगणकावर ती उघडून शिल्लक ताडून पाहावी. खतावणी पीडीएफ रूपातही ठेवावी, म्हणजे ती कोणत्याही प्रणालीत वाचता येईल. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली ग्राहकांची नावे तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करून, मूळ यंत्रास हात न लावता, पारखता येते. महिनाभर जुने व नवे दोन्ही शेजारी चालवावे. मार्चअखेरीस किंवा विवरणपत्राच्या दिवसांत हा उद्योग करू नये.

रोजमेळ व खतावणी आपल्या पूर्वजांनी कागदी वहीत जपली. आपण ती यंत्रात जपतो. वही बदलताना जुनी शिल्लक नव्या पानावर ओढून, ताडून मगच जुनी वही बासनात बांधण्याची आपली रीत आहे. संगणकाच्या बाबतीतही सर्व सभासद बंधूंनी तीच रीत पाळावी, अशी आमची नम्र विनंती आहे.