विश्लेषण : पेशींना सुट्टी नसते! विद्यापीठातील पेशी-प्रयोगशाळा नेमकी कोण चालवते?

दिवाळीच्या सुट्टीत विद्यापीठाचा परिसर ओस पडतो. वर्गांना कुलपे लागतात, कँटीन बंद होते. तरीही जीवशास्त्राच्या इमारतीत एखाद्या खोलीत दिवा सुरू असतो. आत एखादी पीएचडीची विद्यार्थिनी हातमोजे घालून पेशींचे ‘मीडिया’ बदलत असते. हे काम दोन-तीन दिवस राहिले, तर पेशी मरू लागतात आणि अनेक आठवड्यांचा प्रयोग वाया जातो. शोधाची बातमी येते तेव्हा नाव बहुधा एका प्राध्यापकाचे असते. प्रत्यक्षात त्यामागे कोणाकोणाचे हात असतात, त्यांना काय मिळते आणि हा प्रश्न महत्त्वाचा का, याचा आढावा.

पेशी-प्रयोगशाळेत काम काय चालते?

माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशी शरीराबाहेर वाढवायच्या आणि त्यांचे वर्तन तपासायचे, हे या प्रयोगशाळांचे मुख्य काम. कर्करोगाची पेशी थांबत का नाही, औषध दिल्यावर पेशीत काय बदलते, जखम भरताना पेशी कशा सरकतात, असे प्रश्न येथे सोडवले जातात.

पेशींना शरीरात असल्याचा भास व्हावा लागतो. त्यासाठी इनक्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखला जातो. पोषक द्रव, म्हणजेच ‘मीडिया’, दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. प्लेटमध्ये पेशींची गर्दी झाली, की त्या नव्या प्लेटमध्ये विभागून ठेवाव्या लागतात. जपून ठेवायच्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, सुमारे उणे १९६ अंशांवर गोठवतात. टाकीतील नायट्रोजन सतत उडून जात असतो. तो वेळेवर भरला नाही, तर अनेक वर्षांचा साठा नष्ट होऊ शकतो.

तेथे कोण कोण काम करते?

सर्वात वर प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे प्राध्यापक. विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘गाइड’ किंवा नुसते ‘सर’, ‘मॅडम’. त्यानंतर पीएचडी मिळवून पुढील संशोधन करणारे पोस्टडॉक. मग पीएचडीचे विद्यार्थी. प्रयोगांचा मोठा भार त्यांच्याच खांद्यावर असतो. त्यांच्या जोडीला ठरावीक मुदतीच्या प्रकल्पावर नेमलेले प्रकल्प सहायक आणि काही महिन्यांसाठी आलेले एमएस्सीचे विद्यार्थी.

याशिवाय सूक्ष्मदर्शक किंवा पेशी मोजणारी यंत्रे सांभाळणारे तंत्रज्ञ असतात. काचसामान धुणारे, ऑटोक्लेव्ह लावणारे, जैविक कचरा निर्जंतुक करून बाहेर काढणारे प्रयोगशाळा परिचर असतात. खरेदीची फाइल पुढे सरकवणारे कार्यालयीन कर्मचारीही या साखळीत येतात. परदेशातून मागवलेले रसायन गोठलेल्या अवस्थेत पोहोचणे अनेकदा त्यांच्या तत्परतेवर ठरते.

प्राध्यापक स्वतः प्रयोग का करत नाहीत?

काही करतात, पण नवी प्रयोगशाळा स्थिरावली, की बहुतेकांचा वेळ अन्य कामांत जातो. अध्यापन, पेपर तपासणी, विभागाच्या बैठका, संशोधन निधीचे प्रस्ताव, खर्चाचा हिशेब, नैतिकता आणि जैवसुरक्षा समित्यांच्या परवानग्या ही कामे त्यांनाच करावी लागतात. निधी आला नाही, तर रसायने येत नाहीत आणि प्रकल्पावरच्या माणसांचे मानधनही थांबते. त्यामुळे प्रश्न कोणता घ्यायचा, हे प्रमुख ठरवतात. पण त्या दिवशी प्लेटमध्ये काय दिसले, हे पहिल्यांदा विद्यार्थी पाहतात.

‘हेला’ पेशींच्या इतिहासातून काय दिसते?

पेशी-संशोधनातील सर्वात गाजलेल्या पेशी म्हणजे ‘हेला’. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून त्या घेण्यात आल्या. शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेल्या या पहिल्या मानवी पेशी. श्रेय डॉ. जॉर्ज गे यांना मिळाले. मात्र नमुना बारीक कापून नळ्यांमध्ये ठेवणारी आणि त्यावर रुग्णाच्या नाव-आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरे लिहिणारी व्यक्ती होती मेरी कुबिसेक ही तरुण प्रयोगशाळा सहायक. निर्जंतुक राहून काम करण्याची शिस्त त्या प्रयोगशाळेत रुजवली ती मार्गारेट गे यांनी. त्या शिक्षणाने परिचारिका होत्या.

संशोधनासाठी लॅक्स यांची संमती घेण्यात आली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आज भारतात मानवी नमुन्यांवरील संशोधनासाठी नैतिकता समितीची मंजुरी आणि सर्वसाधारणपणे दात्याची माहितीपूर्ण संमती आवश्यक असते. म्हणजे प्रयोगशाळेत कधीच न आलेला एक माणूसही या कामाचा भाग असतो.

साध्या वाटणाऱ्या कामातील चूक किती महागात पडते?

हेला पेशी इतक्या वेगाने वाढतात, की एखादा थेंब चुकून दुसऱ्या प्लेटमध्ये गेला, तरी काही दिवसांत तेथील मूळ पेशींना त्या मागे टाकतात. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या १८ मानवी सेल लाइन्समध्ये एकच जनुकीय खूण आहे आणि ती हेलाशी जुळते. म्हणजे संशोधक एका अवयवाच्या पेशी समजून प्रत्यक्षात भलत्याच पेशींवर प्रयोग करत होते.

दुसरा छुपा शत्रू म्हणजे मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू. त्याने मीडिया गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातून तो सहज दिसत नाही, पण पेशींचे वर्तन बदलतो. म्हणून पेशींची नियमित चाचणी, डीएनएवरून ओळख पटवणे आणि प्रत्येक नळीवर नाव-तारीख लिहिणे आवश्यक ठरते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र (एनसीसीएस) देशभरातील प्रयोगशाळांना सेल लाइन्स पुरवते, ते याच कारणासाठी. पेशी खात्रीच्या ठिकाणाहून याव्यात, ही पहिली अट. त्या तशाच राहाव्यात, ही जबाबदारी मात्र रोज हूडसमोर बसणाऱ्याची.

मानधन किती आणि किती वर्षे?

सीएसआयआर-यूजीसी ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळालेल्यांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये आणि त्यानंतर मूल्यमापन होऊन ४२ हजार रुपये मिळतात. नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा. त्यापूर्वी हे आकडे ३१ हजार आणि ३५ हजार होते. अधिछात्रवृत्तीची एकूण मुदत पाच वर्षे.

येथेच मेख आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएचडी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत पूर्ण करायची असते. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांची जादा सवलत मिळते. पेशींवरचे प्रयोग वेळापत्रक पाळत नाहीत. पाचव्या वर्षानंतर काम उरले, तर इनक्युबेटर चालूच राहतो, अधिछात्रवृत्ती मात्र थांबते. शिवाय ते वेतन नसल्याने भविष्य निर्वाह निधी नाही. रक्कम वेळेत आणि पूर्ण मिळावी यासाठी राज्यातील संशोधक विद्यार्थ्यांनी वेळोवेळी आंदोलनेही केली आहेत.

पीएचडीनंतरही स्थैर्य लगेच येत नाही. पोस्टडॉक आणि प्रकल्पावरील पदे निधीच्या मुदतीशी बांधलेली असतात. २०२३ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या कॅटालिन कारिको यांनाही १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदावनती स्वीकारावी लागली होती. त्यांच्या एमआरएनए संशोधनाला निधी मिळत नव्हता. करोनाच्या लशींचा पाया ठरलेले काम त्यांनी त्या स्थितीतही सुरू ठेवले.

शोधनिबंधात श्रेय कसे वाटले जाते?

जीवशास्त्रात लेखकांच्या नावांचा क्रम बोलका असतो. पहिले नाव सहसा सर्वाधिक प्रयोग करणाऱ्याचे, शेवटचे प्रयोगशाळा प्रमुखांचे. मधल्या नावांचे योगदान बाहेरच्याला कळत नाही. तंत्रज्ञांचा उल्लेख अनेकदा शेवटी आभारात होतो. काचसामान धुणाऱ्याचा बहुधा तेथेही नाही.

यावर उपाय म्हणून अनेक नियतकालिके आता ‘क्रेडिट’ ही पद्धत वापरतात. तीत संकल्पना, प्रयोग, विश्लेषण, निधी, लेखन अशा १४ भूमिका असून कोणी काय केले ते निबंधातच नोंदवले जाते. पण प्रत्यक्षात ही पद्धत बहुधा लेखकांच्या यादीत नाव असलेल्यांपुरतीच वापरली जाते. यादीबाहेरचे हात त्यातही सहसा येत नाहीत.

माणूस गेला की काय जाते?

नोंदवहीत कृती लिहिलेली असते. मात्र पेशी आजारी दिसू लागल्याची पहिली खूण कोणती, प्लेट किती हलक्या हाताने हलवायची, जुना इनक्युबेटर कधी दगा देतो, हे हाताला आणि नजरेला कळलेले असते. नवा विद्यार्थी आला, की ते जुन्याच्या शेजारी बसून शिकतो. मुदत संपून जुना आधीच निघून गेला असेल, तर नव्याला सुरुवातीचे काही महिने त्याच चुका पुन्हा करण्यात घालवावे लागतात.

त्यामुळे कायम तंत्रज्ञांची पदे भरणे, प्रकल्प संपण्याआधी काम हस्तांतरित करण्यासाठी काही महिन्यांचा निधी राखणे आणि अधिछात्रवृत्ती दरमहा वेळेवर देणे हा केवळ कर्मचारी कल्याणाचा विषय नाही. प्रयोगाचा निष्कर्ष खरा ठरतो की खोटा, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. सूक्ष्मदर्शक एकदा विकत घेता येतो. पेशी मात्र रोज कोणीतरी जगवाव्या लागतात.